परक्या शर्टाची कॉलर

टेलरबाईंचा नवरा सद्गृहस्थ होता, पण कपड्यांच्या बाबतीत त्याला काडीची अक्कल नव्हती. हे मत खुद्द टेलरबाईंचं. संसार सुरू झाल्यापासून त्यांनी त्याला एकच गोष्ट हजारदा सांगितली असेल. शर्ट काढताना आधी बटणं सोडावीत, मग शर्ट काढावा. हा पठ्ठ्या वरची दोन बटणं सोडायचा आणि बाकीचा शर्ट डोक्यावरून ओढायचा, पोत्यातून बाहेर आल्यासारखा. परिणामी काखेतली शिवण उसवायची. टेलरबाई ती शिवायच्या, बडबडायच्या, आणि पुढच्या आठवड्यात तीच शिवण पुन्हा उसवलेली असायची. गल्लीतल्या लोकांना ही भांडणं पाठ झाली होती.

हा गृहस्थ एका छोट्या छापखान्यात मशीनवर होता. एक दिवस त्याने एक पत्रक छापलं. मोर्चावर गोळीबार झाला होता, त्यात कोण कोण जखमी झालं आणि कुणाला उचलून नेलं त्याची नावं पत्रकात होती, बाकी काही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चार माणसं छापखान्यात आली आणि त्याला घेऊन गेली. तेव्हापासून तो शहराच्या टोकाला असलेल्या उंच भिंतीच्या तुरुंगात होता. खटला नाही, तारीख नाही, भेट नाही.

भेट नसली तरी गाठोडं होतं. दर गुरुवारी तुरुंगाच्या मागच्या बाजूची एक खिडकी उघडायची. घरच्यांनी धुतलेले कपडे आत द्यायचे आणि मळलेले बाहेर घ्यायचे, एवढीच सवलत. पण त्या रांगेत उभं राहणाऱ्यांना तिची किंमत विचारा. मळका कपडा हातात आला म्हणजे माणूस जिवंत आहे, कपडे घालतोय, त्याला घाम येतोय. टेलरबाई घरी आल्यावर आधी शर्टाची कॉलर नाकाशी धरायच्या आणि मगच बादलीत टाकायच्या. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, आणि सांगण्यासारखं त्यात काही होतं असंही त्यांना वाटत नव्हतं.

तर एका गुरुवारी घरी येऊन गाठोडं सोडलं, तर आत भलताच शर्ट. तपकिरी चौकड्यांचा, अंगाने चांगला मोठा, त्यात त्यांच्या नवऱ्यासारखे दोन मावले असते. खिशाचा एक कोपरा फाटून लोंबत होता आणि खालून दुसरं बटण गायब होतं. आणि निळा शर्ट, जो त्यांनी स्वतः चांगलं कापड बघून शिवला होता, त्याचा पत्ता नाही.

टेलरबाईंचा असा काही पारा चढला की विचारू नका. म्हणजे आतसुद्धा हा माणूस तसाच! समोर जो शर्ट दिसेल तो अंगावर चढवतो, आपला दुसऱ्याला देऊन टाकतो आणि कळत नाही ते नाहीच. रागाच्या भरात त्यांनी तो शर्ट धुतला. वाळल्यावर उलटा करून बघितला. कॉलर विरली होती म्हणून कुणीतरी ती उसवून, उलटी फिरवून पुन्हा बसवली होती. हाताने घातलेले टाके होते, दाट आणि मायेने घातलेले, फक्त सगळे उलट्या बाजूला कललेले. कुण्या डावखुऱ्या बाईचं काम दिसतंय, एवढं मनात येऊन गेलं. मग त्यांनी खिसा शिवला. हातात आलेला कपडा फाटका परत द्यायचा हे त्यांच्या हाताला माहीतच नव्हतं. चौकड्यांना शोभेल असं बटण सापडेना, म्हणून एका गिऱ्हाइकाच्या जुन्या कोटाचं उरलेलं हिरवं बटण लावलं, नेहमीसारखं बुडाला दोऱ्याचे घट्ट वेढे देऊन. इस्त्री केली. पुढच्या गुरुवारी नवऱ्याच्या कपड्यांबरोबर तो शर्टही आत पाठवून दिला, ज्याचा त्याला मिळो म्हणून.

खिडकीतल्या माणसाला रांगेत सगळे ‘हूं’ म्हणायचे, कारण तो दुसरं क्वचितच काही बोलायचा. हूंने गाठोडं घेतलं, आतलं बाहेर दिलं, आणि टेलरबाई बाजूला झाल्या. त्यांच्या मागे एक म्हातारी उभी होती. ती दर आठवड्याला यायची. गाठोडं घेऊन यायची आणि तेच गाठोडं घेऊन परत जायची, कारण हूं तिला दर वेळी सांगायचा की या नावाचा माणूस इथे नाही. तिचा मुलगा बस चालवायचा. गोळीबाराच्या दिवशी त्याने बस मध्येच थांबवून जखमींना इस्पितळात नेलं होतं आणि काय पाहिलं ते विचारणाऱ्याला सांगितलं होतं. त्याला सुट्टीच्या दिवशी घरातून उचललं. पोलीस म्हणत आम्ही नेला नाही, तुरुंग म्हणे आमच्याकडे आला नाही. माणूस हवेत विरून जावा तसा गेला.

म्हातारी सगळ्यांना त्याचा फोटो दाखवायची. फोटोत तो डेपोच्या गणवेशात होता. रांगेतली माणसं मान हलवून नजर दुसरीकडे वळवायची, ज्याला त्याला आपल्या गाठोड्याची काळजी. टेलरबाईही आजवर तेच करत आल्या होत्या. त्या दिवशी हूंने म्हातारीला पुन्हा नकार दिला आणि ती तिथेच पायरीवर बसली. टेलरबाईंना राहवलं नाही. शेजारी बसून त्यांनी आपलं काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, की मावशी, नेलं तेव्हा त्याच्या अंगावर काय होतं?

“घरातलाच जुना शर्ट,” म्हातारी म्हणाली. “तपकिरी चौकडीचा. कॉलर विरली होती, मीच उलटी करून लावली होती.”

म्हातारीने डाव्या हाताने डोळे पुसले, ते टेलरबाईंनी पाहिलं. मग खिडकीकडे पाहिलं. खिडकी बंद झाली होती. ज्या मुलासाठी ही बाई दारोदार फिरत होती, त्याचा शर्ट आपण धुऊन, शिवून, इस्त्री करून स्वतःच्या हाताने आत पाठवला होता. नवऱ्याला काडीची अक्कल नाही म्हणणाऱ्या टेलरबाईंना त्या क्षणी उमगलं, की त्याने शर्ट चुकून घातला नव्हता. त्याने तो मुद्दाम पाठवला होता, कारण शर्ट बघून काही कळेल अशी एकच बाई त्याच्या ओळखीत होती. आणि त्या बाईने काय केलं, तर बटण लावलं.

म्हातारीला घेऊन त्या तशाच वकीलबाईंकडे गेल्या. वकीलबाई म्हणजे वयाने पोरगीच. उचलून नेलेल्या माणसांच्या घरच्यांसाठी दोन खोल्यांचं एक ऑफिस होतं, तिथे ती बसायची. फी घेत नसे आणि जेवणवेळही पाळत नसे. तिच्या काळ्या कोटाचं अस्तर नेहमी बाहेर डोकावलेलं असायचं. टेलरबाईंनी सगळं सांगितलं, आणि सांगता सांगता पर्समधली सुई काढून तिचं अस्तर टाचायलाही घेतलं. वकीलबाई ऐकत होती. शेवटी तिने कपाळाला हात लावला.

शर्ट हातात असता तर आज कोर्टात उभी राहिले असते, असं ती म्हणाली. नुसत्या सांगण्यावर कोणी विश्वास ठेवणार नव्हतं. आता पुढच्या गुरुवारची वाट बघायची, आणि आतल्याला पुन्हा तीच बुद्धी सुचावी अशी आशा करायची. आणि काकू, काही झालं तरी धुवायचं नाही, शिवायचं नाही. हे सांगताना तिने टेलरबाईंच्या हातातली सुई हळूच काढून घेतली.

तो आठवडा टेलरबाईंना खायला उठला. माप घेतलेलं विसरत होत्या, बाही उलटी जोडत होत्या. आतल्या माणसाला काय वाटलं असेल? बायको इतकी मठ्ठ कशी, असंच ना! म्हातारी रोज दुकानात येऊन कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायची, काज करून द्यायची, काही बोलायची नाही. तिने एकदाही दोष दिला नाही, आणि त्यामुळे टेलरबाईंना जास्तच लागायचं.

गुरुवारी गाठोडं आलं. टेलरबाईंनी ते रस्त्याच्या कडेलाच सोडलं. वरच तपकिरी चौकडीचा शर्ट होता, मळका, घामाचा. हिरवं बटण जागच्या जागी होतं. पण खिसा पुन्हा फाटलेला होता. नुसता फाटलेला नव्हे, त्यांनी घातलेला एकेक टाका कुणीतरी उसवून काढला होता आणि कोपरा पूर्वीसारखा लोंबता ठेवला होता. नवऱ्याने एवढ्या संसारात पहिल्यांदाच त्यांच्या शिवणकामाला हात घातला होता, आणि तो ‘शिवू नकोस गं बाई’ एवढं सांगायला. टेलरबाई रस्त्यात उभ्या उभ्या हसल्या आणि मग हसता हसता रडायला लागल्या. म्हातारीने कॉलर उलटी करून आपले टाके बघितले आणि शर्ट छातीशी धरला.

पण आता खरी मेख होती. कोर्टात टेलरबाईंना साक्ष द्यायला लागणार होती, नावानिशी. वकीलबाईने काही लपवलं नाही. तुम्ही बोललात की ते तुमच्यावर राग काढणार, आणि त्यांच्या हातात तुमची एकच गोष्ट आहे, तुमचा माणूस. गाठोडं बंद होऊ शकतं. आणखीही काही होऊ शकतं. विचार करून सांगा, नाही म्हणालात तरी मी समजून घेईन.

टेलरबाईंची पाचावर धारण बसली, हे खोटं कशाला सांगायचं. घरी येऊन त्यांनी नवऱ्याचे उरलेले शर्ट काढले आणि उगीचच पुन्हा घड्या घातल्या. गुरुवारची ती कॉलर बंद झाली तर आपण जगायचं कशावर, हा एकच प्रश्न डोक्यात होता. मग त्यांच्या मनात आलं, की हा हिशेब आतल्या माणसालाही समजला असेलच. शर्ट सापडला असता तर त्याची गत काय झाली असती? तरी त्याने तो दोनदा पाठवला. बाकी सगळं सोडा, पण ज्याला बटणं सोडायचा कंटाळा, त्याने बसून एकेक टाका उसवला होता. सकाळी त्या वकीलबाईकडे जाऊन म्हणाल्या, लिही माझं नाव.

कोर्टात सरकारी वकील सभ्य माणूस होता, आवाज चढवत नव्हता. त्याचं म्हणणं एवढंच, की असे चौकडीचे शर्ट बाजारात ढिगाने मिळतात, आणि साक्षीदाराच्या नवऱ्यानेच तो घातला नसेल कशावरून. म्हातारीने न्यायाधीशांसमोर डाव्या हाताने कापडावर टाके घालून दाखवले आणि ते कॉलरीच्या टाक्यांशेजारी ठेवले. न्यायाधीश चष्मा वर सरकवून बराच वेळ बघत राहिल्या. मग टेलरबाईंना विचारलं, तुम्हाला काय सांगायचंय?

“हा शर्ट आधी त्यांच्याच खिडकीतून माझ्या गाठोड्यात आला. मी तो परत आत दिला, तेव्हा त्याला हिरवं बटण लावून दिलं,” टेलरबाई म्हणाल्या. “ते माझ्या हातचं आहे. तोच शर्ट त्यांनी मला खिडकीतून परत दिला. म्हणजे तो आत होता. आता या मावशींच्या मुलाला नेलं तेव्हा हा त्याच्या अंगावर होता. मुलगा आत गेलाच नाही, तर त्याचा शर्ट आत चालत गेला का?”

मागच्या बाकांवर कुणीतरी हसलं. न्यायाधीश हसल्या नाहीत. त्या माणसाला आठवड्याच्या आत कोर्टापुढे उभं करा, असा हुकूम त्यांनी दिला.

हुकूम निघाला म्हणून माणूस निघतोच असं नाही, हे वकीलबाईला अनुभवाने माहीत होतं. तिने शर्टाचा फोटो दूरदूरच्या देशांत पाठवला, तिच्यासारखंच काम करणाऱ्या माणसांकडे. आणि काय नवल! टेलरबाईंनी नावंही ऐकली नव्हती अशा शहरांतून फोटो यायला लागले. तिथल्या लोकांनी या देशाच्या वकिलातींसमोर दोऱ्या बांधल्या होत्या आणि त्यांवर शर्ट वाळत घातले होते. प्रत्येक शर्टाचा खिसा फाटका आणि एक बटण हिरवं. बर्फात उभी असलेली माणसं, उन्हात छत्र्या घेतलेल्या म्हाताऱ्या, शाळेची मुलं. कोण कुठली ही माणसं, ना नात्याची ना गोत्याची, आणि आपल्या मावशींच्या मुलासाठी दुकानात जाऊन हिरवी बटणं विकत घेत होती! टेलरबाईंचे डोळे भरून आले. तरीही त्या म्हणाल्याच, की मेल्यांना बटण लावता येत नाही, दोन दिवसांत गळून पडेल. मग पुन्हा सगळे फोटो पहिल्यापासून बघितले.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी बसवाल्याला कोर्टात आणलं. वाळून अर्धा झाला होता, भिंतीला धरून चालत होता, पण स्वतःच्या पायांनी चालत होता. आणि त्याच्या अंगावर टेलरबाईंनी शिवलेला निळा शर्ट होता, बाह्या मनगटाच्या वर आलेल्या. म्हातारी त्याच्यापर्यंत कशी पोचली ते कुणालाच कळलं नाही. शिपायांनी क्षणभर तिला अडवलं नाही, हे त्यांच्याबद्दल सांगायला हवं. सुटका काही झाली नाही. पण त्याचं नाव नोंदलं गेलं, वकील भेटला आणि म्हातारीला गुरुवारची खिडकी मिळाली. त्याला परत नेताना त्याने गर्दीत टेलरबाईंना शोधलं आणि शर्टाच्या कॉलरला हात लावून मान लववली.

पुढच्या गुरुवारी रांगेत टेलरबाई पुढे होत्या आणि म्हातारी त्यांच्या मागे. म्हातारीच्या हातात पहिल्यांदाच घेतलं जाणार असलेलं गाठोडं होतं, ते ती सारखं तपासत होती. टेलरबाईंनी आपलं गाठोडं पुढे केलं. हूंने कागदावर नजर टाकली आणि गाठोडं परत सरकवलं.

“या नावाचा माणूस इथे नाही,” तो म्हणाला.

टेलरबाईंना आधी वाटलं त्याने चुकून मावशींचं नेहमीचं वाक्य म्हटलं. त्यांनी नाव पुन्हा सांगितलं. त्याने तेच उत्तर दिलं, त्यांच्याकडे न बघता. हलवला का? कुठे? कधी? तो फक्त हूं म्हणाला आणि हाताने बाजूला व्हायची खूण केली. टेलरबाई बाजूला झाल्या आणि भिंतीला टेकून पायरीवर बसल्या. वकीलबाईने सांगितलं होतं, स्वतःलाही ठाऊक होतं, पण ठाऊक असणं वेगळं आणि ते परत आलेलं गाठोडं वेगळं.

म्हातारीने आपलं गाठोडं दिलं, आतलं घेतलं आणि मुलाचे कपडे बघायचे सोडून ती आधी यांच्याकडे आली. तिने गाठोडं दोघींच्या मध्ये पायरीवर ठेवलं आणि सोडलं. सगळ्यात वर एक पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट होता, अंगाने लहान, बसवाल्याच्या मापाचा मुळीच नव्हे.

टेलरबाईंनी तो उचलला. वरची दोन बटणं सुटलेली होती. बाकी सगळी लावलेली होती, जशीच्या तशी, आणि बुडाला दोऱ्याचे घट्ट वेढे. त्यांनी बाही वर केली. काखेतली शिवण चांगली बोटभर उसवली होती. कॉलर नाकाशी धरली. घाम ताजा होता, याच आठवड्यातला. आत्ता ज्या माणसाला ‘इथे नाही’ म्हणाले, तो याच भिंतीमागे दोन दिवसांपूर्वी नेहमीसारखा पोत्यातून बाहेर आला होता. आणि ज्याला त्याने आपला शर्ट दिला होता, त्या मोठ्या अंगाच्या पोराने त्याचा शर्ट आईच्या गाठोड्यात घातला होता.

“अहो,” टेलरबाई त्या शर्टालाच म्हणाल्या.

रांगेतली माणसं बघत होती. नेहमी मान वळवणारी माणसं, पण या वेळी वळवली नाही. एका बाईने आपलं गाठोडं खाली ठेवलं आणि तिथेच सोडलं, कुणाचा परका कपडा त्यात आलाय का ते बघायला. तिच्या मागच्या माणसानेही सोडलं. बघता बघता भिंतीच्या कडेने सगळी गाठोडी उघडी झाली. हूं खिडकीतून डोकं बाहेर काढून पाहत राहिला.

म्हातारी म्हणाली, चला, वकीलबाई ऑफिसात असेल, आता गेलो तर आजच अर्ज जाईल. तिने टेलरबाईंचा हात धरून त्यांना उठवलं.

“तुम्ही माझं पोर शोधून दिलंत,” ती म्हणाली. “आता माझं पोर तुमचा माणूस सोडणार नाही. धुवू नका हं तेवढा.”

“नाही धुणार, मावशी,” टेलरबाई म्हणाल्या.

चालताना त्यांनी सवयीने पर्समध्ये हात घातला, सुई बोटांना लागलीसुद्धा. त्यांनी ती तशीच राहू दिली. उसवलेल्या शिवणीवर हात ठेवून त्या चालत राहिल्या. ज्या सवयीवरून जन्मभर त्या माणसाचं डोकं खाल्लं, तिचे त्यांनी वाटभर मनातल्या मनात आभार मानले. त्याचे मानले, त्या पोराचे मानले, दूरदेशी कच्ची बटणं लावणाऱ्या त्या माणसांचेही मानले. घरी आला की त्याला सांगायचं होतं, की बाबा, तुला हवा तसा काढत जा शर्ट, मी शिवत जाईन.